बाबांना न सांगता टॅक्सची डिमांड भरून टाकू का?

एका वाचक ताईंचं पत्र आलंय, नाव-गाव काढून थोडक्यात देते. त्यांचे वडील एका अनुदानित शाळेत पूर्ण नोकरी करून मार्च २०२४ अखेर रिटायर झाले. त्या वर्षाचं रिटर्न नेहमीच्या माणसाकडून भरलं. नंतर २०२५ मध्ये एफडीवरच्या टीडीएसचा ८,९०० रुपये रिफंड यायचा होता तो आलाच नाही, चौकशी केली तर कळलं की तो जुन्या डिमांडमध्ये, म्हणजे खात्यानं काढलेल्या टॅक्सच्या बाकीत, वळता झालाय. कसली डिमांड? तर ३६,२४० रुपयांची, शेवटच्या वर्षीचा टीडीएस जमा दिसत नाही म्हणून, व्याजासकट. बाबांकडे शाळेनं दिलेला सही-शिक्क्याचा फॉर्म १६, म्हणजे पगारातून किती टॅक्स कापला त्याचा दाखला आहे, फेब्रुवारीच्या पगारातून मोठी रक्कम कापल्याची स्लिपही आहे. तेव्हापासून बाबा फाईल बगलेत मारून इन्कम टॅक्स ऑफिसला खेटे घालतायत, या टेबलावरून त्या टेबलावर, आणि घरी येऊन गप्प बसतायत. "मी आयुष्यात सरकारचा एक पैसा बुडवला नाही" एवढंच म्हणतात. भाऊ म्हणतो दुर्लक्ष कर, सगळ्यांना येतात अशा नोटिसा. एकजण म्हणतो सहा हजार द्या, आत ओळख आहे, मिटवून टाकतो. ताई स्वतः नोकरी करतात, त्यांना वाटतंय की गुपचूप आपणच पैसे भरून टाकावेत आणि बाबांना सांगावं की खात्याची चूक होती, मिटलं. त्यांचा प्रश्न शेवटी असा: "प्रामाणिक माणसालाच हे लोक का छळतात? आणि मी भरून टाकलं तर चुकेल का?"

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुम्ही पत्र लिहिलंत तेव्हा तुमचं बोट बहुतेक पेमेंटच्या बटणावरच असणार. थांबा. निदान अजून महिना-दोन महिने तरी भरू नका. भरणं बेकायदा आहे वगैरे काही नाही, पॅन आणि ओटीपी असला की लॉगिन न करताही आयकर खात्याच्या पोर्टलवर टॅक्स भरता येतो, तुम्हाला कुणी अडवणार नाही. पण तुमचा हिशोब असा दिसतोय की ३६ हजार म्हणजे बाबांच्या शांततेची किंमत, आणि मला वाटतं तिथेच गल्लत होतेय. बाबांना पैसे जाण्याचं दुःख असतं तर ते इतके गप्प झाले नसते. त्यांना एक कागद हवाय ज्याच्यावर लिहिलेलं असेल की यांच्याकडे काही येणं नाही. तुम्ही पैसे भरलेत तर मिळेल चलन, आणि चलन म्हणजे त्यांच्या दृष्टीनं कबुलीजबाब. आज ना उद्या ते पोर्टलवर किंवा 26एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा खात्याकडचा उतारा) त्यांना दिसणारच, रिटायर्ड माणूस आहे, वेळ आहे, आणि फाईल बगलेत आहे. मग तुमच्यावरचा विश्वासही जाईल, पैसे गेले ते वेगळेच.

आता छळतात का यावर. मी खात्याची वकिली करत नाहीये हां, मी स्वतः एकदा पॅनवर आडनाव आधी आणि बँकेत शेवटी एवढ्यावरून रिफंडसाठी आठ महिने घासलेत, त्यामुळे तुमचा राग मला नवा नाही. पण बाबांना आलेली गोष्ट नीट बघा. ती कलम १४३(१) खालची इंटिमेशन असणार, म्हणजे रिटर्न तपासून काय निघालं ते कळवणारं पत्र. रिटर्न भरलं की ते बंगळूरूच्या सेंट्रलाइज्ड प्रोसेसिंग सेंटरला जातं आणि तिथे संगणक एका बाजूला तुम्ही लिहिलेला आकडा आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याकडे असलेला आकडा शेजारी शेजारी ठेवतो. जुळला तर ठीक, नाही जुळला तर फरक तुमच्या नावावर. या सगळ्यात बाबांची फाईल कुणी माणसानं उघडून "हा गृहस्थ लबाड दिसतो" असं म्हटलेलं नाही, खरं तर कुणी काही म्हटलेलंच नाही. हे ऐकून बरं वाटायचं की वाईट ते मला माहीत नाही, पण कामाचा मुद्दा असा की ज्याला बाबा छळणारा समजतायत तो तिथे नाहीच, आणि म्हणून काउंटरवर जाऊन आपला चांगुलपणा पटवून देण्यानं काही होत नाही. समोरचा बिचारा ऐकून घेतो आणि दुसरं टेबल दाखवतो, कारण अनेकदा रिटर्न दुरुस्त करायचा अधिकार बंगळूरूकडेच असतो, त्याच्या हातात काही नसतं. अधिकार सीपीसीकडे, म्हणजे बंगळूरूच्या त्या सेंटरकडे आहे की स्थानिक अधिकाऱ्याकडे हे पोर्टलवर डिमांडच्या शेजारी लिहिलेलं असतं. खेटे घालायच्या आधी तेवढं बघायचं, बस.

मग फरक आला कुठून? बाबांचा तो फॉर्म १६ हातात घ्या. त्याचा पार्ट ए जर ट्रेसेस या टीडीएसच्या साइटवरून उतरवलेला असेल तर त्यावर ट्रेसेसचा लोगो असतो, सर्टिफिकेट नंबर असतो, आणि चारही तिमाहींचा तक्ता असतो, प्रत्येक तिमाहीपुढे पावती क्रमांक. नसेल, म्हणजे एक्सेलमध्ये टाईप करून खाली हेडमास्तरांची सही आणि गोल शिक्का असेल, तर समजून जा. शाळांमध्ये हे सर्रास चालतं. तो कागद खोटा नाही, पण तो संगणकाला दिसत नाही. त्याला दिसतं फक्त शाळेनं आपल्या टॅनवर (टॅक्स कापणाऱ्याला मिळालेला नंबर) दर तिमाहीला भरलेलं 24क्यू नावाचं विवरणपत्र, आणि ते बहुतेक शाळा बाहेरच्या कुणाकडून तरी भरून घेतात. पैसे कापले, कदाचित सरकारात जमाही झाले, पण विवरणपत्रात बाबांच्या ओळीत पॅनचं एक अक्षर चुकलं, की ते पैसे बाबांचे राहत नाहीत. फेब्रुवारीत वर्षभराचा टॅक्स एकदम कापायची आपल्याकडे पद्धत, त्यामुळे नेमकी शेवटची तिमाही गेली की मोठाच आकडा जातो.

आता एक साधी गोष्ट करा जी कुणी सांगत नाही. बाबांबरोबर त्या वर्षी शाळेत असलेल्या दोन-तीन जणांना फोन करून विचारा की २०२३-२४ च्या शेवटच्या तिमाहीचा टीडीएस तुमच्या 26एएसमध्ये दिसतोय का. दिसत असेल तर घोळ फक्त बाबांच्या ओळीत आहे, म्हणजे पॅनचा किंवा रकमेचा, आणि दुरुस्ती अगदी किरकोळ आहे. कुणालाच दिसत नसेल तर शाळेनं ते विवरणपत्रच भरलेलं नाही किंवा पैसेच जमा केलेले नाहीत, मग हे एकट्या बाबांचं दुखणं नाही आणि अर्जही एकट्यानं द्यायचा नाही. माझा अंदाज, या एका चौकशीनं बाबांचा अर्धा भार उतरेल, कारण आत्ता त्यांना वाटतंय की हे जगात फक्त आपल्याच बाबतीत झालंय.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे बोलायला. तुम्ही लिहिलंय "खात्यानं आम्हाला काहीही न कळवता परस्पर रिफंड खाल्ला." रिफंड जुन्या डिमांडमध्ये वळवायच्या आधी कलम २४५ खाली कळवावं लागतं आणि उत्तराला २१ दिवस देतात. त्याच्याही आधी मूळ इंटिमेशन ईमेलनं आलेली असणार. मग ती गेली कुठे? पोर्टलवर बाबांच्या प्रोफाइलमध्ये जाऊन ईमेल आणि मोबाईल कुणाचा आहे बघा. माझी पैज, ते रिटर्न भरून देणाऱ्या "नेहमीच्या माणसाचे" निघतील. ही मंडळी दरवर्षी शंभर-दोनशे रिटर्न भरतात, ओटीपी पटापट यावा म्हणून सगळीकडे स्वतःचाच नंबर टाकतात, आणि मग त्यांच्या इनबॉक्समध्ये दुनियेच्या नोटिसा पडून राहतात. कट वगैरे नसतो यात, निव्वळ आळस. पण २१ दिवस गेले ते बाबांचे गेले. त्यामुळे हा राग थोडा त्या बाजूलाही वाटून द्या. आणि आज रात्रीच ईमेल, मोबाईल, पासवर्ड सगळं बाबांच्या नावावर करून घ्या, आधारशी जोडलेला मोबाईल हाताशी असला की पासवर्ड बदलता येतो, त्या माणसाला विचारायचीही गरज नाही.

भावाचं म्हणणं. त्याला सरळ सांगा की दुर्लक्ष केल्यानं डिमांड झोपत नाही. मुदतीनंतर थकलेल्या रकमेवर महिन्याला एक टक्का व्याज चढतं आणि पुढचा प्रत्येक रिफंड त्यात जातो, बाबांच्या एफडीचा रिफंड दरवर्षी असाच जाणार. पण त्याचं अर्धं बरोबरही आहे, घाबरून पळापळ करण्यासारखं काही नाही. ८,९०० वळते झाल्यावर राहिलेल्या रकमेवर एक टक्का म्हणजे महिन्याला पावणेतीनशेच्या आसपास. सहा महिने लढायला लागले तरी सोळा-सतराशे रुपये, आणि डिमांड रद्द झाली की त्यावरचं हे व्याजही जातं. म्हणजे थांबणं महाग नाही, गप्प बसणं महाग आहे.

तेव्हा क्रम असा ठेवा, आणि इथे क्रमच महत्त्वाचा आहे, लोक इथेच गडबडतात. आधी पोर्टलवर पेंडिंग अॅक्शनमध्ये जाऊन आउटस्टँडिंग डिमांडला उत्तर द्या की आम्हाला ही डिमांड मान्य नाही. "डिमांड बरोबर आहे" या पर्यायाला चुकूनही हात लावू नका, एकदा ते सबमिट केलं की नंतर नाही म्हणता येत नाही. कारणात सरळ लिहा, पगारातून टीडीएस कापलेला आहे, फॉर्म १६ आणि स्लिप सोबत, शाळेकडे दुरुस्ती मागितली आहे. मग शाळेला लेखी अर्ज, तोंडी नाही, आवक क्रमांक घेऊन. त्यात पॅन, वर्ष, तिमाही, कापलेली रक्कम, आणि "24क्यूचं करेक्शन स्टेटमेंट भरावं" एवढंच, बाबांची ३० वर्षांची सेवा वगैरे त्यात आणू नका, ते वाचणारा तेवढ्यावरच थांबतो. हेडक्लार्क म्हणेल की करेक्शनला रोजचा २०० रुपये दंड बसतो म्हणून आम्ही करत नाही. तो दंड मूळ विवरणपत्र उशिरा भरलं तर असतो, दुरुस्तीला नसतो. आणि तरीही तो दंडाचंच नाव घेत राहिला तर ओळखा की मूळ विवरणपत्रच भरलेलं नाही, म्हणून पोटात गोळा आलाय. आणखी एक, ही दुरुस्ती पूर्वी कितीही वर्षांनी करता यायची, आता कायद्यानं तिला मुदत घातलीय, त्यामुळे "बघू मार्चनंतर" हे ऐकून घेऊ नका.

दुरुस्ती झाली की काही दिवसांनी 26एएसमध्ये ती रक्कम दिसायला लागेल. ती दिसल्यावरच, आधी नाही, कलम १५४ खाली रेक्टिफिकेशनची, म्हणजे दुरुस्तीची रिक्वेस्ट टाका, रिटर्न परत तपासा (रिप्रोसेस करा) म्हणून. लोक काय करतात, नोटीस आली की घाईघाईनं रेक्टिफिकेशन टाकतात, संगणक परत तेच दोन आकडे शेजारी ठेवतो, परत तेच उत्तर, आणि मग म्हणतात सिस्टीम बेकार आहे. सिस्टीम काही फार हुशार आहे असं नाही, पण तिच्यासमोर नवीन आकडा तर ठेवायला हवा ना. या अर्जाला इंटिमेशन निघाली त्या आर्थिक वर्षाच्या शेवटापासून ४ वर्षं मुदत असते आणि अर्ज गेला की ६ महिन्यांत निकाल द्यायचा असं कायद्यात आहे. निकाल लागला की नवीन ऑर्डर येते, त्यात डिमांड शून्य. हाच तो कागद. त्याची प्रिंट काढून बाबांच्या हातात द्या, हवं तर लॅमिनेट करतील ते. अडकलेला रिफंडही मग सुटतो, आणि नियमात बसलं तर त्यावर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं. आपल्याकडून एक टक्का आणि आपल्याला अर्धा, हे बाबांना सांगू नका एवढ्यात, परत चिडतील.

आणि शाळेनं काहीच केलं नाही तर? मग कायदा पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे, कलम २०५ म्हणतं की ज्याच्या पगारातून टॅक्स कापला गेला त्याच्याकडून तोच टॅक्स परत मागता येत नाही, कापणाऱ्यानं भरला नाही तर वसुली कापणाऱ्याकडून. मुंबई उच्च न्यायालयानं २००७ मध्ये एका पगारदाराच्या प्रकरणात हेच धरलंय आणि प्रत्यक्ष कर मंडळानं २०१५ मध्ये अधिकाऱ्यांना सूचना काढली की अशा डिमांडसाठी माणसावर जबरदस्ती करू नका. त्या वाटेनं जायचं तर बाबांच्या वॉर्डच्या आयकर अधिकाऱ्याला लेखी द्यायचं, पगाराच्या स्लिपा आणि बँक पासबुकाची पानं जोडून, पगार कापून आलाय हे दाखवायला, आणि खात्याचाच जो टीडीएसचा वेगळा विभाग असतो त्याला शाळेच्या टॅननिशी कळवायचं. उत्तर नाही आलं तर पोर्टलवर ग्रिव्हन्स म्हणजे तक्रार, तिथेही दाद नाही तर केंद्र सरकारचं तक्रारींचं पोर्टल सीपीग्राम्स. हे सगळं कंटाळवाणं आहे, मान्य. चूक शाळेची आणि हेलपाटे बाबांचे, यात न्याय कुठला असं तुम्ही म्हणाल, तर नाहीच, मीही म्हणते नाही. पैसे कापणाऱ्याला झोप लागते आणि ज्याचे कापले तो पुरावे गोळा करतो, ही रचनाच उलटी आहे आणि तुमचा राग खरं तर इथे शोभतो.

भरावं कधी, तर दोन वेळा. एक म्हणजे डिमांड खरीच असेल तेव्हा. तुमच्या केसमध्ये शक्यता कमी वाटते पण एकदा इंटिमेशनचे दोन्ही रकाने ओळ-ओळ वाचा, फरक टीडीएसमध्येच आहे ना? कारण २०२३-२४ पासून नवी कर पद्धत आपोआप लागू झालीय, आणि शाळेनं जुन्या पद्धतीनं हिशोब केला नि रिटर्न ३१ जुलैनंतर गेलं असेल तर जुन्या पद्धतीची वजावट मिळतच नाही, तो फरक खरा असतो, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. अशी पत्रं मला बरीच येतात. दुसरं म्हणजे सगळे मार्ग करून झाले आणि बाबांची तब्येतच खचायला लागली तर. पण तेव्हाही त्यांना सांगून, त्यांच्याशी बोलून, "बाबा आपण आत्ता भरू आणि भांडत राहू" असं. डिमांड मान्य नाही हे उत्तर आधी दिलेलं असलं तर भरल्यानंतरही रेक्टिफिकेशन करून पैसे परत मागता येतात.

ज्यांच्याकडे याहून जुन्या, दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या डिमांड लोंबकळतायत त्यांच्यासाठी एवढंच, १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम बजेटमध्ये २००९-१० पर्यंतच्या वर्षांच्या २५ हजारांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ च्या १० हजारांपर्यंतच्या डिमांड मागे घेतल्या गेल्यात, एका माणसाला एकूण एक लाखाच्या मर्यादेत. पोर्टलवर बघा, तुमची आधीच गेलेली असेल. आणि हो, १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा आहे, कलमांचे नंबर बदललेत, म्हणून कुणी "तो जुना कायदा गेला, आता काही होत नाही" म्हणेल, पण आधीच्या वर्षांचं काम जुन्या कायद्यानंच चालतं.

राहिला तो सहा हजारवाला. त्यानं खात्याचा म्हणून काही कागद दाखवला तर आधी तो खरा आहे का बघा, खात्याच्या प्रत्येक पत्रावर ऑक्टोबर २०१९ पासून डीआयएन नावाचा नंबर असतो आणि तो पोर्टलवर लॉगिन न करता तपासता येतो. आणि मग ओळखीचं म्हणाल तर बंगळूरूच्या संगणकाशी कुणाची ओळख असणार? हा माणूस जास्तीत जास्त तेच करेल जे मी वर लिहिलंय, किंवा मग "डिमांड बरोबर आहे" वर क्लिक करून तुमच्याच पैशातून भरून टाकेल आणि मिटवलं म्हणून सांगेल. त्याचा परत फोन आला तर त्याला एकच विचारा, फरक कुठल्या तिमाहीचा आहे. नाही सांगता आलं तर ठेवून द्या फोन.

आणि बाबांना सगळ्यातून बाहेर ठेवायचं जे तुम्ही ठरवलंय ना, ते उलटं करून बघा. शाळेचा अर्ज त्यांनाच लिहू दे, सहकाऱ्यांना फोनही त्यांनाच करू दे, तुम्ही फक्त पोर्टल सांभाळा. इतकी वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला अर्ज कसा लिहायचा आणि आवक क्रमांक कसा घ्यायचा हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. फक्त लॉगिनचा ईमेल बदलताना ओटीपी त्यांच्या फोनवर येईल, तेव्हा दहा मिनिटं त्यांच्या शेजारी बसा, नाहीतर तो फ्रॉड समजून ते फोनच बंद करून ठेवतील.